१९६३ ची कॉर्व्हेट स्टिंग रे कूपे: मागच्या काचेवरील वादाची पार्श्वभूमी

जुन्या अमेरिकन मोटारींच्या संग्राहकांमध्ये शेव्हरोले कंपनीच्या १९६३ च्या कॉर्व्हेट स्टिंग रे कूपेला (कूपे म्हणजे कायमच्या बंद छताची दोन दारांची गाडी) जो मान आहे, त्याचे मोठे कारण म्हणजे तिची मागची काच मधोमध दुभागणारी पट्टी. गंमत म्हणून नव्हे, तर कारणमीमांसा म्हणून सांगायला हवे की, गाडीच्या अभियांत्रिकीची धुरा वाहणारे झोरा आर्कस-डुंटोव्ह यांना ती पट्टी नकोच होती.

१९५३ मध्ये कॉर्व्हेट आली ती फायबरग्लास बॉडीची, सहा सिलिंडरची, उघडी गाडी म्हणून. त्या वर्षी केवळ ३०० गाड्या बनल्या. १९५५ मध्ये व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचे, इंजिन मिळाले, पण कूपेसाठी १९६३ उजाडावे लागले. शेव्हरोलेची मूळ कंपनी जनरल मोटर्सचे डिझाइन प्रमुख बिल मिचेल यांच्या मार्गदर्शनाखाली लॅरी शिनोडा यांनी घडवलेल्या या आकारात छतावरून शेपटीकडे एक कणा उतरतो आणि काचेवरची पट्टी हा त्याचाच भाग आहे. ती काढली तर आकार मोडेल, असे मिचेल यांचे ठाम मत होते. चालकाला मागचे दिसत नाही, हा डुंटोव्ह यांचा आक्षेप होता आणि माझ्या मते तो रास्तच होता. १९६४ मध्ये पट्टी गेली. त्यामुळे अशा १०,५९४ कूपेच अस्तित्वात आल्या, आणि त्यांतल्याही काही मालकांनी पुढे पट्टी कापून अखंड काच बसवून घेतली.

अशा जुन्या गाड्यांच्या पुनरुज्जीवनाचे खरे कसब मात्र बाहेरून दिसत नाही. फायबरग्लासला गंज चढत नसला, तरी त्याच्या आतला, जाणकार ज्याला ‘बर्डकेज’ म्हणतात तो पोलादी सांगाडा समोरच्या काचेच्या खांबांपाशी गंजत जातो, आणि वरचा रंग आरशासारखा असूनही गाडी आतून पोखरलेली असू शकते. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी या कॉर्व्हेटप्रेमींच्या संस्थेने अशा गाड्यांच्या परीक्षणाचा निकष चकाकीवरून मूळ रूपाकडे वळवला. गाडी कारखान्यातून निघाली तशीच असावी, म्हणून कारखान्याच्या कामापेक्षा सरस केलेल्या कामाचेही गुण कापले जातात. इंजिनावर ठोकलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळतो का, हे म्हणूनच इतके निर्णायक ठरते. बनावट ठसे मारणारेही असल्यामुळे अनुभवी खरेदीदार अंकांच्या वळणाबरोबरच त्यांच्याखालच्या धातूवर कारखान्यातल्या यंत्राने उमटलेल्या मूळ रेघाही तपासतात.