पाऊस नसलेल्या देशातला पूर

इजिप्तच्या दक्षिणेकडच्या अस्वान शहरात वर्षाकाठी सरासरी एखादा मिलिमीटर पाऊस पडतो. पडतच नाही, असंच म्हणायचं. उत्तरेला कैरोत थोडा बरा, तोही पंचवीसेक मिलिमीटर. आणि अशा देशात हजारो वर्षं ऐन उन्हाळ्यात, आकाशात ढगाचं नाव नसताना, नाईल नदीला पूर यायचा. जूनअखेरीस पाणी चढायला लागायचं, सप्टेंबरच्या सुरुवातीला भर यायचा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओसरायचं.

ग्रीकांना याचं फार कोडं होतं. त्यांच्या देशात पाऊस हिवाळ्यात, उन्हाळ्यात नद्या आटतात. मग ही एकच नदी उलटी कशी वागते? इ.स.पूर्व पाचव्या शतकात इजिप्त हिंडून आलेल्या हेरोडोटसने तेव्हा प्रचलित असलेली तीन उत्तरं नोंदवली आहेत. उत्तरेचे वारे पाणी अडवून धरतात, हे पहिलं. नदी महासागरातून येते, हे दुसरं. दूरवरचं बर्फ वितळतं, हे तिसरं. इतक्या उष्ण मुलखात बर्फ कुठून येणार, म्हणून तिसरं उत्तर त्याने उडवून लावलं आणि सूर्याच्या चालीवर बेतलेलं स्वतःचं चौथं उत्तर दिलं. तेही चुकलं. आपल्याकडच्या एखाद्या शेतकऱ्यासमोर हे वेळापत्रक ठेवलं असतं, तर महिने ऐकूनच त्याने ओळखलं असतं की कुठेतरी मोसमी पाऊस पडतोय.

तो पडतो इथिओपियाच्या पठारावर, जून ते सप्टेंबर. तिथल्या ताना सरोवरातून निळी नाईल निघते आणि सुदानमध्ये खार्टूमला पांढऱ्या नाईलला मिळते. पांढरी नाईल व्हिक्टोरिया सरोवराच्या प्रदेशातून येते. दक्षिण सुदानच्या अफाट दलदलीत तिचं जवळजवळ अर्धं पाणी वाफ होऊन जातं, पण उरलेलं बारमाही वाहतं. नाईल कोरडी पडत नाही ती हिच्यामुळे. पूर मात्र निळ्या नाईलचा, आणि थोडं पुढे मिळणाऱ्या अटबारा नदीचा. अटबारानंतर समुद्रापर्यंत अडीच हजार किलोमीटरहून जास्त अंतर नाईल वाळवंटातून जाते आणि वाटेत तिला एकही बारमाही उपनदी मिळत नाही. तरी पूर शेवटपर्यंत पोचायचा. सप्टेंबरातलं पाणी मे महिन्यातल्या पाण्याच्या दहा पटींहून जास्त असायचं.

पाण्याबरोबर माती यायची. इथिओपियाचं पठार बरंचसं बसाल्टचं आहे, सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून झालेलं. आपलं दख्खनचं पठारही असंच घडलं, फक्त त्याहून बरंच आधी, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. विदर्भ-मराठवाड्याची काळी कसदार जमीन आणि इजिप्तचा काळा गाळ, दोन्ही झिजलेल्या बसाल्टची देणगी. फरक इतकाच की आपली काळी माती खडकाच्या आसपासच राहिली, तिकडची दरवर्षी वाहत परदेशी गेली. वर्षाला मिलिमीटरभर, म्हणजे शतकात साधारण दहा सेंटिमीटर गाळ नाईलच्या खोऱ्यात साठत गेला. या गाळात पालाश भरपूर, नत्र बेताचंच. इजिप्तच्या शेतांत मसूर आणि इतर कडधान्यं होती, त्यांनी ही उणीव थोडी भरून काढली.

प्राचीन इजिप्तची शेती म्हटली की डोळ्यांपुढे कालवे आणि राजाच्या हुकमाने राबणारे हजारो मजूर येतात. खरा प्रकार पुष्कळ साधा होता. महाराष्ट्रात धरणाचं पाणी मागे सरलं की उघड्या पडलेल्या ओल्या गाळात पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. इजिप्त हा गाळपेरीवर उभा राहिलेला देश होता. नदीकाठची जमीन गाळ साठून उंच झालेली असते आणि वाळवंटाच्या बाजूला ती खोलगट होत जाते. या खोलगट पट्ट्यात मातीचे आडवे बांध घालून त्याचे मोठमोठे हौद करायचे. पूर आला की काठ फोडून पाणी आत घ्यायचं. मीटर-दीड मीटर पाणी चाळीस ते साठ दिवस उभं ठेवायचं, जमिनीला पोटभर पिऊ द्यायचं आणि नदी उतरली की उरलेलं पाणी पुन्हा नदीत सोडून द्यायचं. वाफसा यायची वाट पाहून बी फेकायचं. त्यावरून मेंढरं हाकली की त्यांच्या खुरांनी बी चिखलात दाबलं जाई. थडग्यांच्या भिंतींवर ही चित्रं आहेत. पुढे कापणीपर्यंत पाणी द्यायची बहुतेक गरजच नाही. पिकं मुख्यतः दोन, जव आणि खपली गहू. सांगली-साताऱ्याकडे खपली अजून पिकते आणि अलीकडे शहरांत चढ्या भावाने विकली जाते. पिरॅमिड बांधणाऱ्यांची भाकरी आणि बिअर त्याच जातीच्या गव्हाची होती.

पण माझ्या मते नाईलचं सगळ्यात मोठं काम पाणी देणं नव्हतं, पाणी परत नेणं होतं. कोरड्या प्रदेशात शेताला पाणी दिलं की त्यातलं पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. वर्षानुवर्षं हे चाललं की जमीन पांढरी पडते. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यातल्या क्षारपड जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना जास्त सांगायला नको. इराकमधल्या सुमेर संस्कृतीला याच दुखण्याने गाठलं. टायग्रिस आणि युफ्रेटिस यांना पूर येतो वसंतात, पीक उभं असताना. त्यामुळे तिथे पुरापासून शेत वाचवायचं आणि कालव्याने वेगळं पाणी द्यायचं, अशी दुहेरी कसरत होती, आणि निचरा वाईट. नाईलचा पूर मात्र यायचा कापणी उरकून शेतं रिकामी झाल्यावर. त्याआधीच्या महिन्यांत नदी खोल गेलेली, जमिनीखालचं पाणी उतरलेलं, उन्हाने शेताला हातभर भेगा. पुराचं पाणी त्या भेगांतून खोल मुरायचं आणि वर्षभराचे क्षार धुऊन खाली किंवा नदीत न्यायचं. एकाच जमिनीत हजारो वर्षं धान्य पिकत राहिलं ते यामुळे.

सगळं काही पुराच्या वेळेवर अवलंबून, म्हणून वर्षही पुरापासून मोजलं गेलं. पुराचे चार महिने, पेरणी-वाढीचे चार, कापणीचे चार. प्रत्येक महिना तीस दिवसांचा आणि शेवटी पाच दिवस जास्तीचे. पुराची खूण आकाशातही होती. व्याध तारा सुमारे सत्तर दिवस सूर्याच्या तेजात लपतो आणि मग एका पहाटे पूर्वेला पुन्हा दिसतो. पिरॅमिडांच्या काळात ही पहाट वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाच्या आसपास यायची, म्हणजे पूर येण्याच्या तोंडावर. आपल्या शेतकऱ्याचं मृग नक्षत्र व्याधाच्या शेजारचंच. गंमत अशी की ३६५ दिवसांच्या त्या वर्षात लीप वर्ष नव्हतं. दर चार वर्षांनी एक दिवस मागे पडत सरकारी ‘पुराचा ऋतू’ काही शतकांनी भर हिवाळ्यात जाऊन बसला. कारकुनांचं त्यावाचून अडलं नाही. शेतकरी नदीकडे बघत होते.

नदीकडे सरकारही बघत होतं, वेगळ्या कारणाने. अस्वानजवळच्या एलेफंटाइन बेटावर नदीत उतरणाऱ्या पायऱ्यांवर खुणा कोरून पाण्याची पातळी मोजली जाई. पहिल्या राजघराण्यांच्या काळातल्या पुराच्या उंची हात, तळवा आणि बोटं या मापांत दगडावर कोरलेल्या सापडल्या आहेत. पातळी कळली की किती जमीन भिजणार, किती धान्य येणार आणि सारा किती बसवायचा, हे पेरणीआधीच ठरवता येई. रोमन लेखक प्लिनीने याचा हिशेब दिला आहे: बारा हात पाणी चढलं तर दुष्काळ, तेराला उपासमार, चौदाला आनंद, पंधराला निश्चिंती, सोळाला चैन. त्यावर गेलं तर बांध फुटणार, गावं बुडणार. इजिप्शियन हात सुमारे बावन्न सेंटिमीटरचा. दुष्काळ आणि चैन यांच्यात जेमतेम दोन मीटर पाण्याचं अंतर होतं.

नदी रस्ताही होती. प्रवाह उत्तरेला जातो आणि वारा बहुतेक वेळ उत्तरेकडून येतो, त्यामुळे जाताना प्रवाह आणि येताना शीड. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे मेरर नावाच्या मुकादमाची पपायरसवरची रोजनिशी सापडली, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची. खुफू राजाच्या पिरॅमिडसाठी तुरा इथल्या खाणीतला चुनखडक होड्यांनी गिझाला नेण्याच्या खेपा तिच्यात आहेत, दहा दिवसांत दोन-तीन. पुराचं पाणी तेव्हा पिरॅमिडच्या पायथ्याजवळ पोचत असे. लिश्त ते गिझा या पट्ट्यातले एकतीस पिरॅमिड आज नदीपासून लांब, वाळवंटाच्या कडेला दिसतात. त्यांच्या शेजारून नाईलचा सुमारे ६४ किलोमीटर लांबीचा एक फाटा वाहत होता, तो आता बुजलाय, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आलं.

नदीवर इतकी भिस्त, म्हटल्यावर इथिओपियात पाऊस कमी झाला की इजिप्तचं राज्य हलायचं. इ.स.पूर्व २२०० च्या सुमारास ईशान्य आफ्रिकेत पाऊस बराच घटला. पिरॅमिड बांधणारी मध्यवर्ती सत्ता त्याच सुमारास मोडली. एकट्या दुष्काळाने ती मोडली का, यावर इतिहासकारांत वाद आहे. प्रांतांचे अधिकारी आधीपासूनच डोईजड झाले होते. त्यांतला एक अंख्तिफी. त्याच्या थडग्यावर लिहिलंय की सगळा दक्षिण इजिप्त भुकेने मरत होता, लोक स्वतःची मुलं खात होते, पण माझ्या प्रांतात कुणी उपाशी मेलं नाही. पुढाऱ्याचा फलक म्हणून वाचावं, तरी दुष्काळ खोटा वाटत नाही.

कधी कारण फार लांबचं असे. इ.स.पूर्व ४३ च्या सुरुवातीला अलास्कातल्या ओकमोक ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. ग्रीनलंडच्या बर्फात अडकलेल्या राखेवरून ही तारीख २०२० मध्ये पक्की झाली. मोठ्या उद्रेकातलं गंधक वातावरणात उंच पसरतं, ऊन अडतं, जमीन हवी तशी तापत नाही आणि मोसमी वारे दुबळे पडतात. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी नाईलला पूर आला नाही. गादीवर क्लिओपात्रा होती. प्रशांत महासागरातला एल निनोही असाच इथिओपियाचा पाऊस घटवतो, आणि बहुतेकदा भारताचाही. १८७७ च्या एल निनोत नाईलचा पूर कमालीचा खाली राहिला, आणि इकडे मुंबई इलाख्यातल्या दख्खनपासून मद्रासपर्यंत महादुष्काळ चालू होता.

१९६० मध्ये अस्वानच्या उंच धरणाचं काम सुरू झालं, १९७० मध्ये पुरं झालं, आणि पूर थांबला. आता पाणी बारमाही मिळतं, वर्षात दोन-तीन पिकं निघतात, १८७७ सारखं साल धरणातल्या साठ्यावर तरून नेता येतं. हा फायदा लहान नाही. पण पूर एकाच वेळी तीन कामं करायचा, त्यातलं एकच धरणाला जमलं. गाळ जलाशयात बसतो, त्याच्या जागी रासायनिक खतं आली, आणि नवा गाळ मिळेनासा झाल्यापासून त्रिभुज प्रदेशाचा किनारा समुद्र खातोय. क्षार धुऊन न्यायला कोणी उरलं नाही, म्हणून लाखो एकर शेतांखाली निचऱ्याच्या सच्छिद्र नळ्या पुराव्या लागल्या. शिवाय इथिओपियाने निळ्या नाईलवर स्वतःचं महाकाय धरण बांधलं. २०२० मध्ये ते भरायला सुरुवात झाली, सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं. सलग दोन-तीन वर्षं पाऊस कमी पडला तर त्यातून खाली किती पाणी सोडायचं, यावर इजिप्त, सुदान आणि इथिओपिया यांच्यात तोवर कुठलाही बंधनकारक करार झालेला नव्हता.