लांबच्या नेमासाठी बारीक साइट? आधी उजेड बघा

बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर पिस्तूल शिकायला नवी मुलं आली की कुणीतरी सांगतंच, "लांबचं मारायचंय ना? मग पुढची साइट बारीक घे आणि मागची खाच अगदी घट्ट ठेव." वर्षानुवर्षं चालत आलेला हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगल्या मुलांचे गुण जातात म्हणून लिहितोय.

पुढची साइट म्हणजे पिस्तुलाच्या पुढच्या टोकावरची उभी पट्टी; मागच्या साइटच्या खाचेतून ती बघून नेम धरतात. डोळा ही पट्टी मोजत नाही. तो तिच्या दोन्ही बाजूंच्या उजेडाच्या फटी ताडून पाहतो. फटी फार बारीक झाल्या की कडा धूसर होऊन एकमेकींत मिसळतात, आणि पट्टी डावीकडे सरकलेली कळतच नाही. ढगाळ दिवशी तर विचारूच नका.

आता हिशोब बघा. दोन्ही साइटमध्ये 30 सेंटिमीटर अंतर धरलं आणि पुढची साइट खाचेत फक्त अर्धा मिलिमीटर सरकली, तर 10 मीटरवर गोळी सुमारे 17 मिलिमीटर बाजूला जाते. 50 मीटरवर हीच चूक 83 मिलिमीटर होते. तिथला दहा गुणांचा गोल जेमतेम 50 मिलिमीटर व्यासाचा! याउलट, साइट जुळलेली असताना अख्खा हात सेंटिमीटरभर सरकला, तर गोळीही सेंटिमीटरभरच सरकते.

म्हणून खाच अशी निवडा की हात लांब केल्यावर दोन्ही फटी सहज दिसतील. पट्टी काळी, मॅट, सरळ कडांची हवी. नजर तिच्यावरच ठेवा; समोरचा काळा गोल धूसर दिसला तर दिसू दे.