शालेय क्रीडावैद्यक शिक्षण (मुंबई)

खेळातील दुखापती ओळखणे, त्यांवर पहिले उपाय करणे, त्या टाळणे आणि वाढत्या वयाच्या खेळाडूचे आरोग्य सांभाळणे यांची आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना करून दिलेली तोंडओळख. मुंबईच्या बहुतेक शाळांत या नावाचा स्वतंत्र विषय नाही. पीटीच्या तासाला, स्काउट-गाइड किंवा एनसीसीच्या वर्गात, नाहीतर शाळेच्या संघाचा सराव सुरू होण्याआधी तो शिकवला जातो. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट घडवणे हा त्याचा हेतू नाही. दुखापत ओळखायची, खेळ थांबवायचा आणि मुलाला योग्य माणसाच्या हाती सोपवायचे, इथे त्याची हद्द संपते. त्यामुळे निम्मा अभ्यासक्रम काय करू नये याचाच असतो.

पार्श्वभूमी

क्रीडावैद्यकाची आंतरराष्ट्रीय संघटना १९२८ मध्ये स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथे स्थापन झाली. शाळेच्या पातळीवर हा विषय रुजला तो मुख्यतः अमेरिकेत. तिथे अनेक हायस्कुलांत खेळाडूंच्या दुखापती सांभाळणारा पूर्णवेळ अ‍ॅथलेटिक ट्रेनर असतो आणि ऐच्छिक विषय घेतलेली मुले त्याच्या हाताखाली शिकतात. आपल्याकडे सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या शारीरिक शिक्षण या विषयात (७० गुण लेखी, ३० प्रात्यक्षिक) दुखापतींवर प्रकरण आहे. राज्य मंडळाचा ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ हा श्रेणीचा विषय. दहावीच्या टक्क्यांत तो धरत नाहीत, आणि म्हणूनच दिवाळीनंतर या तासाला गणिताचा उरलेला पोर्शन गिळतो. परळच्या केईएम रुग्णालयात १९५३ साली फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले आणि हाजी अलीला भौतिक वैद्यक व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे. इतके जवळ इतके जाणकार असूनही शाळा त्यांना क्वचितच बोलावतात.

घोट्याचा धडा

सुरुवात बहुधा घोट्यापासून करतात, आणि ते योग्यच आहे. खो-खोत खांबाला वळसा घेताना, कबड्डीत चढाईवरून परतताना किंवा मैदानातल्या खड्ड्यात पाय पडून कुणाचा घोटा मुरगळला नाही, असा संघ सापडणे कठीण. पाऊल आत वळले की बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात.

मुले बाकावर जोडीने बसतात. एकाने मोजा काढायचा, दुसऱ्याने घोट्याची आतली आणि बाहेरची हाडे चाचपून त्यांवर पेनने खूण करायची. मग दोन प्रश्न. हाडाच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत, दाबल्यावर कळ येते का? आणि चार पावले टाकता येतात का? कॅनडातील ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेल्या नियमांचे हे शाळेपुरते सोपे रूप. कळ आली किंवा चालता आले नाही, तर एक्स-रेसाठी पाठवायचे. दोन्ही ठीक असले तरी त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवायचे नाही. हे शेवटचे वाक्य कर्णधाराला पटवणे सर्वांत अवघड.

क्रेप बँडेज बोटांच्या बाजूने घोट्याकडे, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा निम्मा भाग झाकेल असे गुंडाळतात. झाल्यावर पायाच्या अंगठ्याचे नख दाबून सोडायचे. पांढरे पडलेले नख साधारण दोन सेकंदांत गुलाबी झाले पाहिजे. नाही झाले तर पट्टी आवळली गेली आहे. पहिल्या दिवशी अर्ध्या वर्गाच्या पट्ट्या आवळलेल्या निघतात.

विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे हे चतुःसूत्र (इंग्रजी आद्याक्षरांनी RICE) गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरने १९७८ मध्ये रूढ केले. पुढे पूर्ण विश्रांती आणि बर्फाने बरे होणे लांबू शकते, असे त्यानेच लिहिले. आता पहिले एक-दोन दिवस सांधा जपायचा, वेदनेपुरता कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे लावायचा आणि मग सोसेल तसा भार वाढवायचा, असे शिकवणे रास्त. पाठ्यपुस्तके मात्र अजून चार अक्षरांवरच थांबलेली दिसतात. खरी झुंज घरच्या उपायांशी असते: बाम चोळणे, गरम पाण्याचा शेक, ओळखीच्या मालीशवाल्याकडून ‘नस बसवून घेणे’. ताज्या सुजेवर हे तिन्ही नकोत. आजीच्या आंबेहळदीच्या लेपाला, कातडी फाटलेली नसेल तर, फारशी हरकत नाही. हरकत आहे ती तो रगडून लावायला.

वाढती हाडे आणि षटकांचा हिशेब

या वयात हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते आणि पुष्कळदा स्नायूबंधापेक्षा तीच कच्ची ठरते. उड्या आणि धावण्याने गुडघ्याखाली दुखरे टेंगूळ येणे (ऑसगुड-श्लॅटर) किंवा टाच दुखणे हे त्याचेच प्रकार. मुंबईत सर्वांत दुर्लक्षित प्रश्न वेगवान गोलंदाजाच्या कमरेचा. हॅरिस शील्ड आणि जाइल्स शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धांच्या मोसमात एकच मुलगा शाळेसाठी, क्लबसाठी आणि नेट्समध्येही टाकतो. तिघे प्रशिक्षक आपापलीच षटके मोजतात. मणक्यातल्या ताणभंगाची (वारंवारच्या ताणाने हाडाला पडणाऱ्या बारीक चिरेची) सुरुवात अशी होते. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाच्या मार्गदर्शनात १४-१५ वर्षांखालील वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये ६ आणि दिवसात १२ षटकांची मर्यादा आहे. आठवडाभर टाकलेला प्रत्येक चेंडू, नेट्समधलेही धरून, वहीत लिहायला लावणे हा या विषयातला बहुधा सर्वांत स्वस्त आणि उपयोगी गृहपाठ.

डोके आणि मान

आझाद मैदानावर वीसहून अधिक खेळपट्ट्या असून त्यांची क्षेत्ररक्षणे एकमेकांत घुसलेली असतात, त्यामुळे डोक्याला लागलेला चेंडू शेजारच्या सामन्यातलाही असू शकतो. मेंदूला हादरा बसलेल्यांपैकी बहुतेकांची शुद्ध हरपत नाही. म्हणून डोकेदुखी, गरगरणे, मळमळ, बावचळल्यासारखे बघणे यांवर भर द्यावा लागतो. आपण कोणत्या मैदानावर आहोत, शेवटची विकेट कुणाची, मागचा सामना कुणाशी झाला, असे प्रश्न विचारायला शिकवतात. उत्तरे बरोबर आली म्हणून दुखापत नाही असे ठरत नाही. संशय आला की त्या दिवशी खेळ बंद. परतताना आधी अभ्यास, मग खेळ.

मानेच्या दुखापतीसाठी दहीहंडीइतके समजणारे उदाहरण मुंबईत दुसरे नाही. १४ वर्षांखालील मुलांना थरांत चढवण्यास मनाई आहे आणि राज्य शासनाने २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. पण थर कोसळल्यावर पडलेल्या गोविंदाला बखोटीला धरून उठवण्याची सवय कायद्याने जात नाही. डोके दोन्ही हातांनी स्थिर धरायचे, हलवायचे नाही, १०८ ला फोन करायचा, एवढेच वर्गात घोटून घेतात. श्वास थांबला असेल तर मात्र छातीदाब आधी: मिनिटाला १०० ते १२०, खोली पाच ते सहा सेंटिमीटर. मॅनिकिन (सरावाचा पुतळा) नसेल तर घट्ट उशीवर निदान लय बसते.

ऊन आणि पाऊस

मुंबईचा पारा नागपूरच्या मानाने खाली असतो, म्हणून उष्माघात इथे होत नाही असा समज आहे. दमट हवेत घाम ओघळतो, पण वाळत नाही, आणि शरीर थंड होते ते घाम वाळल्यानेच. ऑक्टोबरात आणि मेमधल्या शिबिरांत सरावाचा भार दहा ते चौदा दिवसांत हळूहळू वाढवावा. मूल बरळू लागले, तोल जाऊ लागला, तर रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नये. आधी पाणी ओतून, मान-काखा-जांघेत बर्फ ठेवून थंड करावे. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात कोकम सरबतही घालू नये.

पावसाळी फुटबॉलचा धोका वेगळा. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू खरचटलेल्या कातडीवाटे शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर शहराने या तापाची साथ पाहिली आहे. खेळून आल्यावर पाय साबणाने धुणे, जखम झाकल्याशिवाय चिखलात न उतरणे आणि नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘पाण्यात खेळलो होतो’ हे आवर्जून सांगणे, एवढे सातवीतल्या मुलालाही जमते.

आहार, पाळी, औषधे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. लवकर दमणारी मुलगी आळशी ठरवण्यापूर्वी तिचे हिमोग्लोबिन पाहावे. सराव वाढून खाणे तेवढेच राहिले आणि पाळी थांबली, तर ती दमदार खेळाडूची खूण नसून अपुऱ्या अन्नाची असू शकते. हा धडा बाईंनी घ्यावा, पण मुलग्यांना वर्गाबाहेर काढून नव्हे.

औषधांविषयी सावधगिरी शिकवताना क्रिकेटपटू पृथ्वी शॉचे उदाहरण मुलांना लगेच भिडते, कारण हॅरिस शील्डमधली त्याची ५४६ धावांची खेळी (२०१३) त्यांना पाठ असते. २०१९ मध्ये त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालिन हे खोकल्याच्या औषधात आढळणारे द्रव्य सापडले आणि भारतीय क्रिकेट मंडळाने त्याला आठ महिन्यांसाठी निलंबित केले. जिममधल्या दादाने दिलेल्या पावडरीच्या डब्याची चर्चा यानंतर करणे सोपे जाते.

मूल्यमापन

लेखी परीक्षेपेक्षा प्रसंग उभा करून घेतलेली तोंडी परीक्षा बरी. दुखापतींची वही मुलांकडूनच ठेवून घेतात: तारीख, वेळ, काय झाले, काय केले, पालकांना किती वाजता कळवले. मुलीला तपासताना बाई हजर असणे आणि हात लावण्याआधी विचारणे यांनाही गुण ठेवावेत. गोळ्या देण्याचा अधिकार विद्यार्थ्याला नाही, वेदनाशामकाचाही नाही. प्रथमोपचार पेटीत त्या नसलेल्याच बऱ्या.