टोनआर्मवर नाणं ठेवू नका

रेकॉर्ड प्लेअरवर रेकॉर्ड उड्या मारायला लागली की टोनआर्मवर, म्हणजे सुई धरून फिरणाऱ्या लांब हातावर, रुपया ठेवायचा, हा उपाय घरोघरी चालत आलाय. तो घातक आहे. बहुतेक मॅग्नेटिक कार्ट्रिजना (टोनआर्मच्या टोकाची, सुई बसवलेली डबी) रेकॉर्डवर १.५ ते २.५ ग्रॅम भार पुरतो. २०११ सालच्या मालिकेतलं रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं. ते कार्ट्रिजच्या डोक्यावर ठेवलं तर भार दुपटीच्या वर जातो, सुईची दांडी खाली बसते आणि खाचेतले बारीक, उंच स्वर कायमचे घासले जातात.

उडी थांबते खरी, पण दोष तसाच राहतो: धूळ, झिजलेली सुई किंवा सुकून घट्ट झालेलं ग्रीस. अँटीस्केट (टोनआर्मची आतल्या बाजूची ओढ तोलणारी खुंटी) शून्यावर ठेवा, टोनआर्म आडवा तरंगेपर्यंत काउंटरवेट, म्हणजे त्याच्या मागच्या टोकाचं वजन, फिरवा आणि हलकी फुंकर मारा. अडखळला तर आधी बेअरिंग आणि ऑटो-रिटर्नची (टोनआर्म आपोआप परत आणणारी) यंत्रणा साफ करायला हवी. मोकळा फिरला तर काउंटरवेटची आकड्यांची चकती शून्यावर आणून कार्ट्रिजला ठरवून दिलेला भार द्या. अँटीस्केटही तेवढ्याच आकड्यावर.

जुन्या नाशकातल्या वाड्यांत माडीची लाकडी जमीन पावलागणिक हलते. तिथे प्लेअर भिंतीला पक्क्या ठोकलेल्या फळीवरच हवा, तोही स्पिरिट लेव्हल लावून.

रेकॉर्ड धुण्यासाठी चार भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे फक्त व्हिनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या रेकॉर्डसाठी. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्या) जुन्या लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल लावलं तर लाखच विरघळते.