भू-आच्छादन नकाशे, उपग्रहीय (नागपूर परिसर)

जमिनीवर प्रत्यक्ष काय आहे (जंगल, पीक, पाणी, पडीक, वस्ती) ते उपग्रह प्रतिमांवरून ओळखून तयार केलेले नकाशे. ‘भूमी उपयोजन’, म्हणजे जमीन कशासाठी वापरायची ठरली आहे, ही संज्ञा वेगळी. शहराबाहेर वर्षानुवर्षे रिकामा पडलेला ले-आउट आच्छादनाच्या हिशेबात गवत असतो, उपयोजनाच्या हिशेबात निवासी भूखंड.

राज्याचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे प्रादेशिक कार्यालय आणि मृदा सर्वेक्षणाचा राष्ट्रीय ब्यूरो नागपुरातच असल्याने हे शहर या कामाचे मोठे ठाणे आहे.

हिरवे पान लाल प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण परतवते. पाणी अवरक्त किरण जवळजवळ गिळून टाकते. वर्गीकरण या फरकावर चालते. १९८८ मध्ये सोडलेल्या आयआरएस-१ए या भारतीय उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याचा पिक्सेल (प्रतिमेतला सर्वांत लहान चौकोन) जमिनीवर ७२.५ मीटरचा होता. आज सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या १० मीटर पिक्सेलच्या प्रतिमा फुकट मिळतात. तरी सहा-सहा मीटरवर लावलेल्या संत्र्याच्या बागेत एका पिक्सेलमध्ये जेमतेम तीन झाडे येतात, बाकी मधली काळी माती.

या भागात पिक्सेलच्या आकारापेक्षा प्रतिमेची तारीख महत्त्वाची. सागवान मार्च-एप्रिलमध्ये निष्पर्ण होतो. त्या दिवसांतली एकच प्रतिमा घेतली तर पेंचकडचे चांगले जंगल विरळ झुडूप ठरते. काटोल-नरखेडच्या संत्राबागा बारमाही हिरव्या, म्हणून सोप्या वाटतात. पण बहार (फुलोरा) धरण्यासाठी शेतकरी त्यांना ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात : आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत, मृग बहारासाठी मे महिन्यात. ताणावरची बाग पाने गाळते आणि संगणकाला चकवते. त्यामुळे वर्षभराच्या प्रतिमा एकापुढे एक ठेवून हिरवेपणाचा चढउतार पाहावा लागतो. सोयाबीन दिवाळीच्या सुमारास शेतातून जाते, तूर जानेवारीपर्यंत उभी असते. पिके वेगळी कळतात ती यावरून.

खरिपाची खरी अडचण ढगांची. पीक भरात असते तेव्हाच आकाश झाकलेले असते. तेथे ढगांपार जाणारे सेंटिनेल-१ चे रडार कामी येते. मौदा-रामटेककडच्या धानाच्या बांध्या रोवणीच्या वेळी पाण्यामुळे रडारवर काळ्या दिसतात व धान वाढू लागले की उजळतात.

नकाशाची अचूकता शेतात जाऊन पडताळतात. एकूण टक्केवारीवर मात्र फार विसंबू नये : कापूस-सोयाबीनचे विस्तीर्ण क्षेत्र बरोबर आले की आकडा चांगला दिसतो आणि बागांची चूक त्यात झाकली जाते.

महसुली दप्तरातले ‘झुडपी जंगल’ ही विदर्भाची खास नोंद. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये या जमिनी वनजमिनी ठरवल्या. उपग्रहाला तेथे कधी झुडूप दिसते, कधी मुरूम, तर कधी घरांची रांग.