पत्ता उजवीकडून वाचा

चवथीच्या आदल्या दिवशी म्हापशाच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या चौकटीचं, सामान घेत होतो, एका हातात सुपाऱ्यांचा घोस, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि तेवढ्यात बँकेचा मेल आला. केवायसी संपलीय, आज सहापर्यंत अपडेट नाही केली तर खातं बंद. लोगो बरोबर, रंग बरोबर, खाली 'ओटीपी कुणालाही देऊ नका' हेसुद्धा लिहिलेलं, आता काय बोलायचं! मी लिंक दाबलीसुद्धा. यूजर आयडी टाकणार इतक्यात माटोळीवाली ओरडली, 'पयशे दी रे पयलीं', म्हणून वाचलो.

घरी येऊन निवांत बघितलं तर नाव बँकेचं आणि पत्ता भलताच. मोबाईलवर मेलच्या ॲपमध्ये बहुतेक वेळा फक्त नाव दिसतं, पत्ता बघायला त्या नावावर बोट दाबावं लागतं, आणि ते नाव पाठवणारा हवं ते ठेवू शकतो. मेल पाठवायची जी पद्धत 1982 मध्ये ठरली, एसएमटीपी, त्यात पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोयच नव्हती, पाकिटाच्या मागे 'प्रेषक' म्हणून कोणीही काहीही लिहावं तसं. नंतर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तपासण्या आल्या खऱ्या, पण त्या एवढंच सांगतात की मेल त्या डोमेनवरूनच, म्हणजे पत्त्यात @ च्या पुढे जे नाव असतं तिथूनच, आलाय. चोराने स्वतःचंच डोमेन रीतसर विकत घेतलं असेल तर तो तिथे आरामात पास होतो.

म्हणून डोमेन वाचता यायला हवं, आणि ते उजवीकडून वाचायचं. आपल्याकडे एखाद्या घराला 'मुंबई भवन' नाव असतं पण पत्त्याच्या शेवटी बांदिवडे, फोंडा लिहिलेलं असतं, तेव्हा घर कुठे आहे ते शेवटावरून कळतं ना, तसंच. मला आलेली लिंक होती 'बँकेचं नाव डॉट केवायसी-अपडेट डॉट टॉप'. सुरुवातीचं 'https://' सोडून पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा शेवट बघा, मालक 'केवायसी-अपडेट डॉट टॉप'वाला, पुढे लावलेलं बँकेचं नाव ही नुसती पाटी. त्यात रशियन लिपीतला 'а' इंग्रजी 'ए'सारखाच दिसतो, तो घातला तर डोळ्यांनी ओळखणं कठीणच. कुलपाचं चिन्ह बघून खूश होऊ नका, मधल्या वाटेत कोणी ऐकत नाही एवढाच त्याचा अर्थ, पलीकडे चोर बसला असेल तरी कुलूप दिसतंच.

ओटीपी आहे ना, मग काय भीती? असं मलाही वाटायचं. पण तुम्ही खोट्या पानावर पासवर्ड टाकता त्याच क्षणी तो खऱ्या बँकेच्या साईटवर टाकला जातो, त्यामुळे येणारा ओटीपी अगदी खराच असतो, आणि तो तुम्ही परत त्याच खोट्या पानावर भरता. झालं.

रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर जायला सांगितलं होतं, हे डोमेन फक्त बँकांनाच मिळतं, त्यामुळे ओळखणं जरा सोपं झालंय. तरी मी आता मेलमधली लिंक दाबतच नाही, बँकेचं ॲप उघडतो, खरंच काही असेल तर तिथे दिसतं.

आणि भरून बसलाच असाल तर आधी बँकेला कळवा, मग लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन. रिझर्व्ह बँकेच्या 2017च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलं होतं, चूक ग्राहकाची असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. लोक काय म्हणतील म्हणून दोन दिवस गप्प राहिलेला एक जण आमच्याच वाड्यावर आहे, पहिल्या दिवशी गेले त्यापेक्षा जास्त त्याचे दुसऱ्या दिवशी गेले.