सागरी लाटांपासून वीजनिर्मिती

वाऱ्याने समुद्रावर उठवलेल्या लाटांतील ऊर्जेपासून वीज मिळवण्याचे तंत्र. भरती-ओहोटीवरची वीज वेगळी. तिचे मूळ चंद्र-सूर्याच्या आकर्षणात आहे. 1973 च्या तेलसंकटानंतर एडिंबरा विद्यापीठातील स्टीफन सॉल्टर यांच्या संशोधनाने या विषयाला चालना मिळाली.

भारतातला महत्त्वाचा प्रयोग केरळात, तिरुवनंतपुरमजवळच्या विळिंजम मच्छीमार बंदरात झाला. आयआयटी मद्रासने उभारलेले 150 किलोवॅटचे हे केंद्र 1991 मध्ये सुरू झाले. ब्रेकवॉटरलगत, म्हणजे लाटा अडवणाऱ्या बंदराच्या भिंतीलगत, समुद्रतळावर काँक्रीटची अवाढव्य पेटी बसवली होती आणि तिचे तोंड पाण्याखाली उघडे होते. लाट शिरली की आतले पाणी चढे आणि वरची हवा दाबली जाऊन टर्बाइनमधून बाहेर पडे; लाट ओसरली की तीच वाट धरून हवा आत ओढली जाई. येथे वापरलेल्या वेल्स टर्बाइनची पाती हवा कुठूनही आली तरी एकाच दिशेने फिरतात. फिरता भाग पाण्याबाहेर राहतो, हे या रचनेचे मोठे शहाणपण. पुढे याच केंद्रावर समुद्राचे पाणी गोडे करण्याचाही प्रयोग झाला. 2011 मध्ये ते बंद करण्यात आले.

अडचण लाटांच्या लहरीपणात आहे. लाटेची उंची दुप्पट झाली की तिच्यातली ऊर्जा चौपट होते. त्यामुळे यंत्र बांधायचे वादळाला पुरेल असे, आणि कमाई मात्र रोजच्या बेताच्या लाटांवर. शिवाय खारे पाणी धातू खाते आणि खवळलेल्या समुद्रात दुरुस्तीला जाता येत नाही. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर 2008 मध्ये सुरू केलेली, लाटांवर तरंगून वीज बनवणारी पेलामिस यंत्रे काही महिन्यांतच किनाऱ्यावर ओढून आणावी लागली.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर लाटांचा खरा जोर पावसाळ्यातच असतो. महाराष्ट्रात नेमके तेव्हाच शेतीपंप थांबतात, विजेची मागणी उतरते आणि धरणे भरत असतात. उलट उन्हाळ्यात विजेची ओढ असताना कोकणचा समुद्र बराच शांत असतो. हा मेळ न बसणे यंत्रातल्या दोषांहून गंभीर वाटते.

स्पेनच्या बास्क प्रांतातील मुत्रिकू बंदराने खर्चावर चांगला तोडगा काढला. तिथे 2011 पासून बंदराच्या ब्रेकवॉटरमध्येच 16 टर्बाइन बसवलेली आहेत. एकूण क्षमता 296 किलोवॅट. भिंत बंदरासाठी बांधायचीच होती, म्हणून काँक्रीटचा मोठा भार विजेच्या माथी आला नाही. नव्या बंदरांच्या आराखड्यातच अशी सोय ठेवली, तर भारतातही हा मार्ग परवडू शकेल; उभ्या भिंतीत मागाहून पोकळ्या काढणे फार अवघड.